चार ग्रॅम मीठ

"तिच्या पानातलं लोणचं उचला आधी!"

पुरुषांच्या पंगतीतून आवाज आला आणि तो आमच्या ह्यांचा होता. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाचा आवाज. भर बाजारात दुकानदारांना दरडावून दरडावून तो मुळातच मोठा झालेला. चाळीस माणसांनी हातातला घास थांबवला आणि माझ्या पानाकडे पाहिलं.

बार्शीत माझ्या नणंदेच्या घरी तिच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. नणंद, प्रभावन्सं, हातात वाटी घेऊन लगबगीनं आल्या.

"वैनी, जरा हात काढा." त्यांनी दोन बोटांनी माझ्या पानातली लोणच्याची फोड उचलली, पापड उचलला, आणि कोशिंबिरीकडं बघून ह्यांना विचारलं, "दादा, ही चालती का?"

"काही चालत नाही. वरण-भात वाढ नुसता, बिनमिठाचा."

"पण झालंय काय?" कुणीतरी विचारलं.

"व्हायचंय काय! किडनीला सूज. डॉक्टरांनी दिवसाला चार ग्रॅम मीठ सांगितलंय. मी स्वतः रोज सकाळी काट्यावर मोजून देतो. तरी चार महिने झाले, पायाची सूज हलायला तयार नाही. चोरून खाती ती."

बायका हसल्या. वाईट हसल्या असं नाही, लहान मुलानं साखर चोरल्यावर हसतात तसं हसल्या. "अगं बाई, मंदाताई, या वयात?" असंही एक जण म्हणाली. मी एकसष्ट वर्षांची होते. माझ्या हाताखाली दोन मुलं वाढली, सासू-सासऱ्यांचं दुखणं-खुपणं निघालं, आणि माझ्या पानातून फोड उचलली गेली.

"मी चोरून खाल्लेलं नाही," मी म्हटलं. "एक कणसुद्धा नाही."

"मग काय काटा खोटं बोलतो?"

"काट्याचं मला माहीत नाही. मी खोटं बोलत नाही."

उठून जावं असं फार वाटलं. पण मी उठले असते तर चोर उठून गेली असं झालं असतं. म्हणून ताठ बसले आणि पोटभर जेवले. वाढणाऱ्या मुलीला हाक मारून भात परत मागून घेतला. डोळ्यांत पाणी येत होतं ते मी येऊ दिलं नाही.

आता तो काटा घरात कसा आला ते सांगते, म्हणजे ह्यांची बाजूही कळेल. त्यांची बाजू नव्हतीच असं मी म्हणणार नाही.

फाल्गुनात माझे पाय सुजायला लागले. डॉ. कोठाडियांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, काकू, किडनी दमलीय, रक्तदाबही वर आहे. गोळ्या देतो, पण गोळ्यांपेक्षा मीठ महत्त्वाचं. दिवसभराच्या सगळ्या जेवणाचं मिळून चार ग्रॅम. अंदाजानं नको, मोजून.

"मोजून" हा शब्द ऐकला आणि ह्यांचे डोळे चमकले. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. वर्तमानपत्र, फिरणं आणि शेजाऱ्यांच्या भांडणात न विचारता निवाडा, एवढंच काम उरलं होतं. त्यांना एकदम पुन्हा नोकरीवर घेतल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन बाजारात गेले. सोबत रुमालात बांधलेली पितळी वजनं. निवृत्तीच्या समारंभात खात्यातल्या लोकांनी शाल-श्रीफळाबरोबर भेट दिलेला तो संच. पन्नास, शंभर, दोनशे आणि पाचशे ग्रॅम. दुकानदारानं स्वयंपाकघरातले तीन डिजिटल काटे काढून ठेवले. ह्यांनी आधी फळी हलते का ते पाहिलं, मग काउंटर डुगडुगतो म्हणून काटे जमिनीवर, फरशीवर ठेवायला लावले. प्रत्येक काट्यावर वजन मधोमध ठेवलं, मग चारही कोपऱ्यांत ठेवलं. पहिला काटा कोपऱ्यात तीन ग्रॅम कमी दाखवत होता. "हा ग्राहकाला विकलात तर बघा," ते म्हणाले. दुसऱ्यावर पाचशेचं वजन दहा मिनिटं तसंच ठेवलं, तर आकडा आपोआप दोननं घसरला. तोही बाद झाला. तोवर दुकानदाराला घाम फुटला होता. तिसरा मात्र सगळ्या परीक्षा पास झाला. शंभरला शंभर, पाचशेला पाचशे, कुठंही ठेवा.

"साहेब, मीठच मोजायचं असंल तर सोनाराकडला बारका काटा न्या की," दुकानदार म्हणाला. "चार ग्रॅम म्हंजी लई बारीक काम झालं."

"मला वजन शिकवू नका," हे म्हणाले. काटा पिशवीत गेला.

गुढीपाडव्याला आमच्या घरात माझ्या मिठाचा नवा कारभार सुरू झाला. मिठाची एक किलोची वेगळी पिशवी आणली. तिच्यावर ह्यांनी माझं नाव आणि तारीख लिहिली. रोज सकाळी सहाला, मी आंघोळीला गेले की हे जेवणाच्या टेबलावर काटा मांडत, त्यावर स्टीलची छोटी डबी ठेवत, आकडा शून्यावर आणत आणि तिच्यात चार ग्रॅम मीठ घालत. मी बाहेर येईपर्यंत डबी ओट्यावर हजर. माझी भाजी, माझं वरण, माझी भाकरी, सगळं वेगळं शिजायचं आणि त्यात याच डबीतलं मीठ पडायचं.

पहिल्याच दिवशी डबी उघडली आणि मी म्हटलं, "एवढं? मला वाटलं होतं चिमूटभर असेल. हे तर सपाट चमच्याच्या चांगलं वर आहे."

"एक ग्रॅम म्हणजे किती, माहीत आहे का तुला?"

"नाही."

"मग झालं तर."

मी डबीचं झाकण लावलं. मला खरंच माहीत नव्हतं. माझा हात मुठीचा, चिमटीचा, ओंजळीचा. पाचशे माणसांच्या स्वयंपाकात मीठ घातलंय या हातानं आणि कुणी कधी वरून मागून घेतलं नाही. पण ग्रॅम हा शब्द माझ्या हाताला ठाऊक नव्हता, आणि माझ्यासमोर उभा असलेला माणूस आयुष्यभर दुसरं काही बोललाच नव्हता. शिवाय जे आयतं मिळतंय ते जास्त आहे म्हणून भांडायचं कशाला, असंही वाटलं. खोटं कशाला सांगू.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. पाय तसेच. सकाळी पैंजणाच्या जागी बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ भरून यायचा नाही. मला एक गोष्ट खटकायला लागली होती आणि ती मी एकदा जेवताना बोलून दाखवली.

"मला भाजी अळणी लागत नाही. पथ्याचं जेवण अळणी लागायला हवं ना?"

ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे मापलंच.

"अळणी लागत नाही?"

"नाही."

"मग बाहेरून काही खातेस तू."

त्या दिवशी संशयाला सुरुवात झाली. मीच माझ्या तोंडानं पुरावा दिला. संध्याकाळी त्यांनी रुमाल सोडून वजनं काढली, काटा पुन्हा तपासला, तो तंतोतंत निघाला. म्हणजे दोषी उरलं कोण? दुसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी फडताळातून गायब झाली. सून सुवर्णा मान खाली घालून म्हणाली, "आई, अप्पांनी सांगितलं म्हणून माझ्या खोलीत ठेवली." मग शेंगदाण्याची चटणी गेली. मग सांडगे. मी चहाला बसले की हे उगाच स्वयंपाकघरात चक्कर टाकायचे. एकदा माझ्या बोटांना वास येतो का ते पाहिलं. हो, माझा हात धरला आणि नाकाशी नेला! त्या बोटांना कांद्याचा वास होता, कारण मी त्यांच्यासाठी कांदा चिरत होते.

आषाढात डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी साठवून आणायला सांगितली. रिपोर्ट पाहून ते खुर्चीत मागे रेलले.

"काकू, रिपोर्टच्या हिशेबानं तुमच्या पोटात आठ-नऊ ग्रॅम मीठ जातंय. दुप्पट. असंच राहिलं तर सहा महिन्यांत आपल्याला डायलिसिसचं बोलावं लागेल."

"मी डबीबाहेरचं खात नाही, डॉक्टर."

डॉक्टर ह्यांच्याकडे पाहून थोडंसं हसले. ह्यांनी मान हलवली. त्या दोघांमध्ये काहीतरी ठरून गेलं आणि मी तिथंच बसलेली होते.

त्यानंतर आठ दिवसांत माझ्या नावाची पिशवी संपली. एक किलो. रोज चार ग्रॅमप्रमाणं ती अडीचशे दिवस, म्हणजे थेट मार्गशीर्षापर्यंत पुरायला हवी होती. श्रावणही लागला नव्हता. ह्यांनी रिकामी पिशवी माझ्यासमोर टेबलावर ठेवली, एखाद्या वाण्याचं खालून पोखरलेलं वजन ठेवावं तशी.

"आता बोल."

"काय बोलू?"

"अर्धी पिशवी गेली कुठं?"

"मला माहीत नाही. मी त्या पिशवीला हात लावत नाही."

"मग काय मी खाल्लं?"

दोन दिवसांनी प्रभावन्संच्या घरचं ते डोहाळजेवण झालं. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

रिक्षातून घरी उतरले. साडी बदलली नाही, पाय धुतले नाहीत. सरळ कोपऱ्यावरच्या दुकानातून मिठाची कोरी पिशवी आणली आणि टेबलावर त्यांच्यापुढं आपटली. मला राग आला होता. पण रागापेक्षा लाज जास्त होती, केलेल्या गोष्टीची नव्हे, न केलेल्याची. न केलेल्या गोष्टीची लाज फार जळते.

"ही तोला," मी म्हटलं.

"कशाला?"

"तोला म्हणते ना. सुवर्णा, इकडं ये. बघ आकडा."

पिशवीसकट एक हजार चार भरले. मी सुवर्णाला तो आकडा पिशवीवरच पेननं लिहायला लावला.

"आता ही तुमच्या कपाटात ठेवा. कुलूप लावा. किल्ली तुमच्या जानव्याला बांधा, उशाखाली ठेवा, गिळून टाका, मला काही नको. घरातलं बाकीचं मीठ सुवर्णा तिच्या खोलीत नेऊन ठेवेल आणि लागेल तसं आणेल. पंधरा दिवस मी तुमची परवानगी घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडणार नाही. शेजारी जाणार नाही, देवळात जाणार नाही. तुम्ही डबीत द्याल तेवढंच माझ्या पोटात जाईल. पंधरा दिवसांनी ही पिशवी पुन्हा तोलायची."

"अगं, एवढं काय लागलंय..."

"एवढंच लागलंय. चाळीस माणसांसमोर लागलंय."

"आणि पंधरा दिवसांनी काय होणार?"

"ते तुमचा काटा सांगेल. खोटं बोलत नाही ना तो?"

सुवर्णानं पदराआड तोंड लपवलं. हसू लपवलं की भीती, ते मी विचारलं नाही.

पंधरा दिवस मी कैदेतच काढले म्हणा ना. शेजारच्या पाटीलबाईंनी नागपंचमीला झोक्यावर बोलावलं, मी खिडकीतूनच नाही म्हटलं. "का हो?" "मी तुरुंगात आहे." त्यांना थट्टा वाटली. मुलगा लातूरला नोकरीला, शनिवारी घरी येतो. तो म्हणाला, "आई, कशाला हट्ट करतेस? खाल्लं असशील तर खाल्लं असशील, आम्ही काही बोलणार नाही." मी त्याच्याशी रविवारभर बोलले नाही. माफ करायला तयार असलेली माणसं मला त्या दिवसांत सगळ्यांत जास्त छळत होती.

सोळाव्या दिवशी सकाळी मी आंघोळ लवकर उरकली आणि सहाच्या आधी टेबलाशी जाऊन बसले. सुवर्णालाही उठवलं.

"काढा पिशवी."

ह्यांनी कुलूप उघडलं. पिशवी आणली. काटा शून्यावर होता. पिशवी ठेवली.

आठशे त्र्याहत्तर.

ते आकड्याकडे बघत राहिले. पिशवी उचलली, काटा बंद केला, चालू केला, पुन्हा ठेवली. आठशे त्र्याहत्तर. काटा जमिनीवर ठेवून पाहिला. आठशे त्र्याहत्तर. रुमाल आणला, पाचशेचं वजन ठेवलं. पाचशे. शंभरचं ठेवलं. शंभर.

"पंधरा चोक साठ," मी म्हटलं. "साठ ग्रॅम कमी व्हायला हवं होतं. किती झालं, सुवर्णा?"

"एकशे एकतीस."

"किल्ली कुणाकडं होती?"

त्यांनी वजनं रुमालात बांधायला घेतली.

"मी विचारते, किल्ली कुणाकडं होती?"

"माझ्याकडं."

"रात्रीसुद्धा?"

"माझ्याकडंच."

"मग आता मी चोर आहे का तुम्ही चोर आहात, ते सांगा."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. त्या क्षणी अजिबात नाही वाटलं.

"आजची डबी माझ्यासमोर भरा," मी म्हटलं. "रोज जशी भरता तशीच."

त्यांनी डबी काट्यावर ठेवली. आकडा शून्यावर आणला. पिशवीतून चिमटीत थोडंसं मीठ घेतलं आणि अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत, अगदी सावकाश, कण कण भुरभुरत डबीत सोडलं. मग आकड्याकडे पाहिलं. शून्य. पुन्हा एक चिमूट, तशीच भुरभुरत. शून्य. तिसरी चिमूट टाकल्यावर एक आला. चौथी. एकच. पाचवी. एकच. इतक्या प्रेमानं, इतक्या जपून घालत होते की मला त्यांचा तो हात ओळखीचा वाटला. नोकरीतला त्यांचा हात होता तो. व्यापाऱ्याच्या तराजूची दांडी सरळ रेषेत यायला आली की शेवटची भर अशीच चिमटीनं घालायची, घाई करायची नाही, ते स्वतः नव्या शिपायांना शिकवायचे. दांडीला कण कळतो. हा टेबलावरचा काटा दांडीचा नव्हता.

"थांबा," मी म्हटलं. "तुम्ही पाच चिमटी टाकल्या तरी आकडा एकच का?"

"हलतो हळूहळू. धीर धरावा लागतो."

"मीठ पडलं ते पडलंच की. काटा का धीर धरतोय?"

त्यांनी चार होईपर्यंत चिमटी टाकल्या. मी मोजत होते. सव्वीस झाल्या.

मी उठले. डबीतलं सगळं मीठ कागदावर ओतलं. रिकामी डबी परत काट्यावर ठेवली, आकडा शून्यावर आणला, आणि कागद दुमडून सगळं मीठ एकदम डबीत सोडलं.

नऊ.

स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास यायला लागला, तरी सुवर्णा हलली नाही.

"अप्पा," शेवटी तीच म्हणाली, "एकदम टाकलं की बरोबर दाखवतोय. थोडंथोडं टाकलं तर त्याला कळतच नाहीये."

ह्यांनी स्वतः करून पाहिलं. तीनदा केलं. भुरभुरून चार, ओतून नऊ. भुरभुरून चार, ओतून आठ. भुरभुरून चार, ओतून नऊ. इतकी बारीक भर या काट्याच्या लेखी भरच नव्हती, ती तो गिळून टाकत होता. शंभराचं वजन ठेवल्यावर तो शंभर दाखवत होता, कारण शंभराचं वजन कुणी भुरभुरत ठेवत नाही. चारही कोपरे तपासणाऱ्या माणसानं एक चिमूट कधी तपासली नव्हती.

ते खुर्चीवर बसले.

"काटाच चुकीचा निघाला, मंदा."

आणि इथं माझा बांध फुटला.

"काट्याला मधे आणू नका. मी चोर आहे असं काटा कधीच म्हणाला नाही. ते तुम्ही म्हणालात. माझी बोटं काट्यानं हुंगली नाहीत. माझ्या पानातली फोड काट्यानं उचलायला लावली नाही." माझा आवाज शेजारी गेला असणार. जाऊ दे म्हटलं. "मला एकच सांगा. मी आणि काटा दोघं वेगळं बोलत होतो. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवलात. माझ्यावर का नाही?"

ते जे खरं होतं तेच बोलले. त्याबद्दल मी त्यांना आजही मानते.

"काटा तपासून घेतला होता."

"एकोणचाळीस वर्षं मी या घरात आहे. माझं एक तरी खोटं सापडलं का तुम्हाला?"

"नाही."

"मग मलाही तपासूनच घेतलं होतं की."

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "चार महिने मी रोज सकाळी उठून, माझ्या हातानं तुला..."

"हो," मी म्हटलं. "तुमच्या हातानं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. पाणीही आणून दिलं नाही. सुवर्णानं दिलं. मी काटा उचलून ओट्याशी गेले, कागदावर चाळीस ग्रॅम मीठ एकदम ओतून तोललं, पोळपाटावर पसरलं आणि चमच्याच्या मागच्या टोकानं त्याचे दहा सारखे ढीग केले. डोळ्यांच्या अंदाजानं. दहा दिवसांच्या दहा पुड्या बांधल्या. त्यांतली एक उघडून त्या दिवसाच्या भाजीत घातली. भाजी इतकी अळणी लागली की घशाखाली उतरेना, आणि मी ती सगळी खाल्ली. चार महिन्यांत पहिल्यांदा पथ्याचं जेवले.

त्याच दिवशी त्यांनी प्रभावन्संना फोन केला. मी सांगितलं म्हणून नाही, आपणहून केला. वन्संना थट्टा वाटली, त्या फोनवर हसत होत्या. मला बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

"हसू नकोस, प्रभा," ते म्हणाले. "तिनं काही खाल्लं नव्हतं. मी घातलं होतं."

तीन आठवड्यांत माझ्या पायांवर पुन्हा घोट्याची हाडं दिसायला लागली. डॉक्टर कोठाडियांकडं गेलो. रिपोर्ट पाहून ते खूश झाले. "बघा काकू, मनावर घेतलंत तर होतं की नाही?"

"मी काही मनावर घेतलेलं नाही," मी म्हटलं. "मी तेव्हाही हेच करत होते."

ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं. भुरभुरणं, चार आणि नऊ, कुलूप, सगळं. एक अक्षर लपवलं नाही. डॉक्टर "अरेरे" म्हणाले, "असंही होतं तर" म्हणाले, आणि नवं पान लिहायला फाइल उलटली. मागचं पान माझ्या बाजूला आलं. इंग्रजीत होतं. माझी अकरावी इंग्रजी घेऊन झालेली आहे. रुग्ण पथ्य पाळत नाही, चोरून खाते असं पतीचं म्हणणं, असा त्याचा अर्थ होता.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे खोडा."

"जाऊ द्या हो काकू, ते जुनं आहे. कोण वाचतंय?"

"मी वाचलं. उद्या मी दवाखान्यात पडले तर दुसरा डॉक्टर वाचेल. खोडा."

"फाइलमधलं असं खोडता येत नाही हो," ते अडखळत म्हणाले. "नियम असतात."

मी उठायला तयार नव्हते. बाहेर पंधरा-वीस पेशंट ताटकळत होते, तरी माझं बोट त्या ओळीवरून हलेना.

तेव्हा हे बोलले. त्यांच्या निरीक्षकाच्या आवाजात, पण दरडावणीचा भाग तेवढा वगळून.

"डॉक्टर बरोबर बोलतायत. सरकारी कागदावर आम्हीही कधी खोडत नव्हतो. खोडलं की लोकांना वाटतं काहीतरी लपवलंय." त्यांनी खिशातलं पेन काढलं. "त्याच्याखाली जागा आहे ना, तिथं लिहितो. मी सांगितलेलं मीच दुरुस्त करतो."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मग फाइल त्यांच्यापुढं सरकवली. ह्यांनी मराठीत लिहिलं, ठळक, पंचनाम्यावर लिहायचे तसं. 'वरील माहिती चुकीची आहे. पत्नीनं पथ्य पूर्ण पाळलं. मीठ मी चुकीचं मोजून दिलं.' खाली पूर्ण नाव, दिगंबर शंकर बारबोले. त्याखाली, निवृत्त निरीक्षक, वजनमापे. आणि सही.

पेनाला टोपण लावून त्यांनी फाइल माझ्याकडं वळवली, मला वाचता यावी म्हणून. मी सगळं वाचलं. दोनदा वाचलं.

"तारीख राहिली," मी म्हटलं.

त्यांनी टोपण परत काढलं.